मस्कीचे जुने रील घेताना झालेली फसवणूक

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन भागात स्थायिक झालेले आपले बरेच लोक पहिली काही वर्षे सनफिश आणि वॉलाय हे मासे गरवण्यात काढतात, आणि मग कधीतरी त्यांना मस्कीचे वेध लागतात. मस्की, म्हणजेच मस्केलंज, हा विस्कॉन्सिनचा १९५५ पासूनचा राज्यमासा आहे. मिनेसोटाच्या बहुतेक तलावांत ५४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटरपेक्षा, लहान मस्की ठेवता येत नाही आणि त्याहून मोठा मिळाला तरी जाणकार मंडळी फोटो काढून त्याला पाण्यात सोडतात. एवढ्या माशापुढे वॉलायचे सामान टिकत नाही. रॉड, रील, दोरी, सगळेच नव्याने घ्यावे लागते आणि ते स्वस्त नसते. अशा वेळी माणूस जुन्या सामानाच्या जाहिराती चाळू लागतो. मी त्याच वाटेने गेलो आणि हंगामाच्या तोंडावर फसवला गेलो. ज्या युक्त्या माझ्यावर चालवल्या गेल्या त्या दुसऱ्या नवशिक्यावर चालू नयेत, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी होती. मस्कीच्या रीलवर खरा भार माशाचा नसतो, आमिषाचा असतो. मासा दिवसाकाठी एकदा लागला तरी नशीब. पण दोन ते आठ औंसांची, कधी त्याहूनही जड, कृत्रिम आमिषे दिवसभर फेकायची आणि ओढायची असतात. त्यातही दहा नंबरच्या दोन फिरत्या पात्यांचा बकटेल, म्हणजे केसाळ शेपटाचे आमिष, पाण्यातून ओढणे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दातचक्रांवर आणि बेअरिंगांवर जोर देणे. म्हणूनच या कामाला बास माशाचे लहान रील पुरत नाही, कंपन्यांच्या क्रमांकाप्रमाणे ३०० किंवा ४०० आकाराचे मजबूत रील लागते. असे रील एखाद्या हौशी माणसाने दोनतीन हंगाम कसून वापरले की बाहेरून चकचकीत दिसत असतानाही ते आतून संपलेले असू शकते. रॉडला चीर गेली असेल तर ती दिसते, कडी सैल असेल तर हाताला कळते. रीलचे दुखणे मात्र झाकणाच्या आत असते.

जाहिरातीत साडेआठ फुटांचा रॉड, एका नामांकित कंपनीचे ४०० आकाराचे रील आणि तीन आमिषे, असा संच तीनशे डॉलरना होता. ‘पहिल्यांदा मस्कीला जाणाऱ्यासाठी उत्तम, एकच हंगाम वापरलेले, फक्त गोड्या पाण्यात’ असे वर्णन होते. तेवढ्या पैशांत त्या दर्जाचे नुसते रीलही नवे मिळणे अवघड असते. विक्रेता एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटला. गृहस्थ बोलायला अतिशय गोड होता. मस्कीची कोणती जागा बरी, कोणत्या महिन्यात कोणते आमिष चालते, हे त्याने न विचारता सांगितले, आणि त्यातले बरेचसे खरेही होते. त्याने रील माझ्या हातात दिले आणि हँडल फिरवायला सांगितले. ते इतके मऊ आणि निःशब्द फिरत होते की शंकेला जागाच उरली नाही. स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचे चाक, काठोकाठ नव्या, गडद हिरव्या ब्रेडेड (विणलेल्या) दोरीने भरलेले होते, आणि दोरी ८० पौंडी असल्याचे त्याने आवर्जून सांगितले. सेंट क्लाउडहून आणखी एक गिऱ्हाईक निघाले आहे, असेही त्याने जाता जाता सुचवले. पैसे त्याने बँकेतून थेट खात्यावर जाणाऱ्या ॲपनेच मागितले.

पाण्यावर गेल्यावर एकेक गोष्ट उघडी पडू लागली. बकटेल ओढताना हँडल मध्येच हिसका देऊन मागे सटके. हँडल उलटे फिरू नये म्हणून आत जे अँटी-रिव्हर्सचे बेअरिंग असते, ते धरत नव्हते. मस्की पुष्कळदा नावेच्या अगदी कडेला येऊन आमिष पकडतो. म्हणूनच फेक संपताना रॉडचे टोक पाण्यात घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेतात. त्या क्षणी बाहेर दोरी जेमतेम दोनतीन फूट असते, आणि तेव्हा हँडल मागे सटकले तर माशाच्या हाडाळ तोंडात गळ रुतणारच नाही. ड्रॅग म्हणजे किती ताणाला दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक. त्याची ताऱ्याच्या आकाराची चकती शेवटपर्यंत आवळली, तरी नुसत्या हाताने दोरी ओढून काढता येत होती. पुढे एक लांब फेक गेली तेव्हा स्पूलवरची हिरवी दोरी संपत येऊन तिच्याखालची काळी चिकटपट्टी डोकावू लागली. चिकटपट्टीचे एकदोन वेढे देण्यात काही गैर नाही, कारण ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरते आणि ती घसरू नये म्हणून तसे करतात. पण इथे जवळजवळ अर्धे स्पूल चिकटपट्टीनेच भरले होते.

सेंट पॉलमधल्या एका वयस्कर कारागिराने ते रील माझ्यासमोर उघडले. झाकण निघाले तसा आतून लोण्यासारखा दाट, तपकिरी ग्रीसचा गोळाच बाहेर आला. मोटारीच्या चाकात घालतात तसले ते ग्रीस होते. रीलमध्ये त्याचे काहीच काम नाही. त्याने चिंधीने ते पुसून काढले आणि मुख्य पितळी दातचक्र भिंगाखाली धरले, तेव्हा दातांची टोके झिजून सुरीसारखी झालेली दिसली. झिजलेले दात एकमेकांवर घासताना जी घरघर हाताला जाणवायला हवी, ती दाट ग्रीस गिळून टाकते, असे त्याने सांगितले. पार्किंगमध्ये ज्या मऊपणावर माझा विश्वास बसला, तो मऊपणा एका डबीतून आलेला होता. अँटी-रिव्हर्सच्या बेअरिंगवर गंज होता आणि कडेने हिरवट-पांढरी पूड साचली होती. ती खाऱ्या पाण्याची खूण. या आकाराची रीले समुद्रातल्या मासेमारीलाही वापरतात, त्यामुळे ‘फक्त गोड्या पाण्यात’ हे विधान सरळसरळ खोटे होते. ड्रॅगमधली एक कार्बनची चकती गायब होती आणि तिच्या जागी कापलेला फेल्टचा तुकडा बसवलेला होता. रीलच्या पायावरचा क्रमांक कानशीने घासून काढलेला होता, म्हणजे माल चोरीचा असण्याचीही शक्यता होती.

आणखी एक लबाडी मला सर्वांत हुशार वाटली. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरते, ते रीलचे गुणोत्तर. मोठ्या पात्यांच्या आमिषांना कमी गुणोत्तराचे, साधारण पाचास एक असे रील बरे पडते, कारण त्यात ओढताना हातावर जोर कमी येतो. या रीलच्या हँडलकडच्या झाकणावर तसेच गुणोत्तर छापलेले होते. आतली चक्रे मात्र सातास एकच्याही वरची, म्हणजे वेगाने दोरी गोळा करणारी होती. त्याच आकाराच्या दुसऱ्या रीलचे झाकण काढून यावर बसवलेले होते. हे ओळखायला भिंग लागत नाही. स्पूलच्या कडेवर पेनने एक ठिपका करावा, हँडलचा एकच पूर्ण फेरा सावकाश द्यावा आणि ठिपका किती वेळा समोरून जातो ते मोजावे.

भार दिल्याशिवाय जुने रील तपासणे निरर्थक आहे. रील रॉडवर चढवून, दोरी कड्यांतून ओवून तिचे टोक दुसऱ्याच्या हातात द्यावे, त्याला ताण धरून ठेवायला सांगावे आणि मग हँडल फिरवावे. झिजलेले दात तेव्हा लपत नाहीत. ड्रॅगसाठी तर आपल्या प्रत्येक घरात साधन आहे. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोंच्या आत बसवण्यासाठी जो हुकाचा काटा आपण कपाटात ठेवतो, तोच दोरीच्या टोकाला अडकवून हळूहळू ओढावा. कंपन्या या रीलांसाठी साधारणपणे वीस-पंचवीस पौंडांचा, म्हणजे नऊ ते अकरा किलोंचा, ड्रॅग सांगतात. चकती पूर्ण आवळूनही काटा चारपाच किलोंवरच थांबला, तर आतल्या चकत्या गेल्या असे समजावे. काटा सरळ न चढता झटके देत चढला, तरी तेच. ड्रॅग कमजोर असला की लढत लांबते आणि उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना असा दमलेला मासा सोडल्यावरही जगेलच असे नाही. विक्रेत्याला झाकण उघडू द्याल का असे विचारावे. बहुतेक रीलांचे स्पूलकडचे झाकण तर हत्याराशिवायच उघडते. स्पूलवरची दोरीही थोडी उलगडून पाहावी. जो घाईत आहे, तो उलगडू देत नाही.

पैशांचे म्हणाल, तर ते गेले. ॲपवरून मी स्वतः पाठवलेली रक्कम असल्याने बँकेने हात वर केले. हीच रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असती, तर १९७४ च्या संघीय कायद्याप्रमाणे ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही म्हणून बिल पाठवले गेल्यापासून साठ दिवसांत लेखी वाद मांडता आला असता. अर्थात रस्त्यावरचा विक्रेता कार्ड घेतच नाही, कारण कार्डावर वाद मांडता येतो हे त्याला पक्के ठाऊक असते. मिनेसोटात लहान रकमांच्या दाव्यांसाठी कन्सिलिएशन कोर्ट आहे, पण तिथे दावा लावायला प्रतिवादीचे खरे नाव आणि पत्ता लागतो, आणि जाहिरातीतले नाव दुसऱ्याच दिवशी नाहीसे झाले होते. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि स्थानिक पोलिसांकडे मी तक्रार नोंदवली. पायावरचा घासलेला क्रमांक दाखवल्यावर पोलिसांनी ते रील ठेवून घेतले. काही आठवड्यांनी तोच संच, त्याच लाकडी टेबलावर काढलेल्या फोटोसह, निराळ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेला मला दिसला. म्हणजे फोटो एकाच संचाचा आणि हाती पडणारा माल मात्र निराळा, असा हा धंदा आहे. जाहिरातीचा फोटो उतरवून तो शोधयंत्रात टाकून पाहिला, तर असे आधीचे वापर सापडू शकतात.

आता नवे घेणाऱ्यांसाठी. तीनशे-चारशे डॉलर काढायची तयारी नसेल, तर आकर्षक जुन्या मालापेक्षा साधे गोल रील बरे, उदाहरणार्थ आबू गार्सिया कंपनीच्या अॅम्बेसेडर मालिकेतील ६५०० किंवा ७००० क्रमांकाचे. ते दिसायला जुनाट आणि हातात जड वाटते, पण त्याचे भाग मिळतात आणि नवशिक्यालाही ते उघडून पुसता येते. कमी गुणोत्तराचे मागावे, हँडल लांब आणि मुठी मोठ्या असलेले बघावे. दोरी दुकानातच भरून घ्यावी, तळाशी थोडे नायलॉनचे तंगूस आणि वर ८० पौंडी ब्रेडेड, आणि ती भरताना दुकानदाराच्या शेजारी उभे राहावे.