जुन्या वेदीला सोनेरी रंग की वर्खाचं जतन?

फेस्त (चर्चचा वार्षिक सण) जवळ आलं की आमच्या वसईकडे धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या भाविकमंडळींच्या, सभेत विषय निघतोच: चर्चमधल्या वेदीमागचं कोरीव लाकूडकाम काळं पडलंय, काय करायचं? निम्मे म्हणतात पेंटर बोलवा, निम्मे म्हणतात जाणकाराला दाखवा. हात वर करण्याआधी शिडी लावून एकदा ते काम जवळून बघा.

पोर्तुगीज वळणाच्या या कामात लाकडावर खडू आणि सरसाचा लेप, त्यावर तांबूस मातीचा हात आणि त्यावर सोन्याचा वर्ख असतो. काळेपणा बऱ्याचदा मेणबत्त्यांची काजळी, धूप आणि म्हाताऱ्या व्हार्निशचा. खालचं सोनं शाबूत असू शकतं, कारण सोनं गंजत नाही. डब्यातला सोनेरी रंग गंजतो. तो बहुधा पितळेची भुकटी असतो आणि खाऱ्या, दमट हवेत हिरवट-तपकिरी पडतो. मग पुन्हा हात, पुन्हा हात. देवदूतांच्या पापण्या बुजून ते सगळे झोपलेले दिसायला लागतात!

पेंटरची बाजू खोटी नाही. काम स्वस्त, पटकन, आणि फेस्ताला वेदी झळझळते. जतनात महिनोन्‌महिने परांची उभी राहते, मिस्सा (चर्चमधली उपासना) तिच्याआडूनच ऐकायची, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, “एवढे पैसे घालून जुनंच दिसतंय की!” माझं मत तरी जतनालाच. पेंटरने आधी पॉलिशपेपर फिरवला, तर कागदाहून पातळ असलेला वर्ख गेलाच. तो परत आणता येत नाही.

छप्पर गळत असेल तर मात्र दोन्ही थांबवा. आधी कौलं, मग वाळवी, मग सोनं.

“मिस्सेच्या सोयीसाठी जुनी वेदी काढू” हा तिसरा पर्याय विचारातच घेऊ नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले, त्यासाठी पुढे वेगळं मेज आलं. जुनी वेदी मागे कुणाच्या आड येत नाही. पुलपिटचंही, म्हणजे प्रवचनाच्या उंच मंचाचंही, तसंच. त्यावरचं लाकडी छत माइक नसतानाच्या काळात आवाज खाली लोकांकडे वळवायचं. बाकं मात्र खुशाल नवी करा.

घंटेला हात लावू नका. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची, नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ ची. तुमच्याकडे जुनी उरली असेल तर नशीब समजा.

सभेत एकमत होत नसेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलाजतन केंद्रात चौकशी करा. जाणकाराकडून मूर्तीमागचा तळहाताएवढा तुकडा साफ करून घ्या. पेंटरचा नमुना सुट्या फळीवर काढून तिथेच टेकवा. एक पावसाळा जाऊ द्या, आणि पुढची सभा त्या दोन तुकड्यांसमोर उभं राहून घ्या.