लोकी दीड वर्ष वापरून: लॉगसाठी घ्यावं का?

लोकी म्हणजे लॉग (प्रोग्रॅम चालताना लिहीत जातो त्या नोंदी) गोळा करून शोधायला देणारं टूल. रात्रीचा ऑनकॉल (सिस्टिम बिघडली की उठून बघायची पाळी) बहुतेक माझ्याच गळ्यात असतो, त्यामुळे हा रिव्ह्यू झोपमोड झालेल्या माणसाचा आहे असं समजूनच वाचा. कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर कंटेनर, म्हणजे डबाबंद प्रोग्रॅम, चालवणारी सिस्टिम) पॉड (एक किंवा जास्त कंटेनरचा गट) सकाळी एका आयपीवर नि संध्याकाळी भलत्याच, वर ऑटोस्केलिंग (गरजेप्रमाणे मशीन कमी-जास्त करणं) लावलंय म्हणजे कधीकधी अख्खा नोडच (मशीनच) गायब. आम्ही आधी लॉग थेट पॉडवरच बघायचो. एकदा रात्री सव्वादोनला पेमेंटचा पॉड आपटला, डोळे चोळत लॅपटॉप उघडला, लॉग मागितले तर 'नॉट फाउंड', नोडबरोबर तेही गेलेले, पंचनाम्याला काही उरलंच नाही. तसंही कंटेनरमागे डिफॉल्टला 10 एमबीच्या 5च फाइली राहतात, बडबड्या सर्व्हिसला त्या काय पुरणार.

मग ग्राफानावाल्यांचं लोकी लावलं. हे शब्द न् शब्द इंडेक्स करत (शोधसूचीत टाकत) बसत नाही, फक्त लेबलं (लॉगला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, जसं सर्व्हिसचं नाव) इंडेक्स करतं आणि बाकी मजकूर कॉम्प्रेस करून ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या स्वस्त स्टोरेजमध्ये टाकतं, त्यामुळे खिशाला परवडतं. आता पॉड मेला तरी नेमस्पेस (पॉड ज्या कप्प्यात असतो त्याचं नाव) नि वेळ टाकली की लॉग समोर. पण नुसता ऑर्डर नंबर देऊन महिन्याभराचं शोधायला सांगा, चहा पिऊन या तोवर.

लेबलं मात्र जपून लावा. आमच्यातल्या एका हुशाराने (मीच तो) युजर आयडीचं लेबल केलं, प्रत्येक युजरची वेगळी स्ट्रीम (एकाच लेबलसंचाच्या लॉगची रांग) झाली, 5000 स्ट्रीमची डिफॉल्ट मर्यादा बघता बघता भरली आणि नव्या स्ट्रीमचे लॉग घेणंच बंद.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लॉग पाठवणाऱ्या एजंटचं लोकीशी कनेक्शन तुटलं की तो दहा वेळा प्रयत्न करतो, डिफॉल्टला साधारण साडेआठ मिनिटं, आणि मग तो गठ्ठा सरळ टाकून देतो. म्हणजे नेटवर्क जाणार त्याच वेळचे लॉग हवे असतात नि नेमके तेच नाहीत! रिट्राय वाढवा आणि टाकलेल्या एंट्रीजवर प्रोमिथियसमध्ये (आकड्यांवर नजर ठेवणारं टूल) अलर्ट लावा, आम्ही तेच केलं.

अजून एक, जुने लॉग लोकी आपोआप पुसत नाही, कॉम्पॅक्टरमध्ये (लोकीचा साफसफाई करणारा भाग) रिटेन्शन (लॉग किती दिवस ठेवायचे ती मुदत) मुद्दाम चालू करावं लागतं. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 2022च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवस ठेवायचेच असतात, म्हणून आम्ही 190 टाकलेत. प्रॉमटेलच्या (लोकीला लॉग पाठवणारा जुना एजंट) नादी लागू नका, ते आता मोडीत निघालंय, नवीन बसवताय तर त्याच्या जागी आलेलं अलॉयच घ्या.

पाचपैकी चार. एक त्या साडेआठ मिनिटांसाठी कापला.