पुणे म्हणजे दोन येन, एक पौंड: पीएचपीमेलर चौदा महिने वापरल्यावर

शनिवारी सकाळी साडेनऊला ए-१०१ च्या काकांचा फोन. काका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेत, त्यामुळे इतरांना जिथे नुसता कचरा दिसतो तिथे त्यांना चलन दिसतं. "अरे, मेंटेनन्स आता येनमध्ये भरायचा का? एक पौंडही दिसतोय. रुपया मात्र कुठेच नाही!"

सोसायटीची मेंटेनन्सची बिलं मी पीएचपीमेलरने पाठवतो. पीएचपी भाषेतल्या प्रोग्रामला ईमेल पाठवता यावेत म्हणून असलेली ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. त्यामुळे मेल न उघडताच मला कळलं. मागच्या आठवड्यात सर्व्हर बदलला, तेव्हा मेलची फाईल नव्याने लिहिली होती आणि त्यात एक ओळ राहिली. कॅरसेट, म्हणजे अक्षरं कोणत्या तक्त्याने वाचायची तो, यूटीएफ-८ आहे हे सांगणारी. त्या तक्त्यात देवनागरीही बसते.

ही ओळ दिली नाही तर पीएचपीमेलर आजही धरून चालतो की तुमचा मजकूर आयएसओ-८८५९-१ मध्ये, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांच्या संचात आहे, जिथे एका बाइटचं एक अक्षर होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. पहिल्या बाइटचा होतो डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए. दुसऱ्याचं होतं चार पाय फुटलेलं एक वाटोळं चिन्ह. पण उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर आलं की तिथे चक्क येन. आता बिलाखालच्या पत्त्यातला 'पुणे' घ्या. उकाराचा एक येन, मात्रेचा दुसरा. आणि ण चा तिसरा बाइट नेमका पौंडाच्या घरात पडतो. रुपयाच्या चिन्हाचं तर काहीच उरत नाही: टोपी घातलेला ए, एक स्वल्पविराम आणि वर चिमुकला १. थोडक्यात, काकांनी सांगितलेला हिशेब तंतोतंत बरोबर होता.

लायब्ररी २००१ सालची आहे, त्या काळी हे चाललं असेल. पण २००१ साली जन्मलेली पोरं आज आमच्या ऑफिसात माझे पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, नाकारतात! एवढ्या वर्षांत एक डीफॉल्ट बदलता आला नाही? वर्डप्रेसवर वेबसाइट चालवणाऱ्यांना हे दुखणं माहीतच नसतं, कारण वर्डप्रेसच्या पोटात हाच पीएचपीमेलर असला तरी कॅरसेट ते स्वतः भरून देतं. मी आधी स्विफ्टमेलर ही अशीच दुसरी लायब्ररी वापरायचो. तिथे यूटीएफ-८ मुळातच होतं, म्हणून ती ओळ लिहायची सवय कधी लागलीच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर त्याची देखभाल थांबली.

मग हाच का घेतला? फुकट म्हणून. कोथरूडमधली आमची सोसायटी ८४ फ्लॅटची. खजिनदारांनी एकच प्रश्न विचारला होता, "वर्षाला किती?" मी म्हटलं, शून्य. ठराव तिथेच पास. महिन्याला ८४ मेल टाकायला डॉलरमध्ये बिल भरणारी सेवा घेतली असती, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत माझ्या नावाने वेगळा विषय आला असता.

चांगलं सांगायचं तर डीबग, म्हणजे चूक शोधायची सोय. एसएमटीपी-डीबग या सेटिंगला २ दिलं की आपला प्रोग्राम आणि मेल सर्व्हर यांचं सगळं बोलणं ओळीओळीने समोर येतं. २५० आलं की गाडी पुढे, ५३५ आलं की लॉगिन नाकारलं. पीएचपीचं साधं मेल फंक्शन 'हो' म्हणतं ते फक्त पत्र पेटीत टाकलं एवढ्यापुरतं. पुढे काय झालं ते विचारायचं नाही. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, डोमेनला लावून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याबाबत कडक आहे. त्यात लायब्ररीचा दोष नाही, पुढे जाऊ.

होस्टिंगवाल्यांशी, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीशी, मात्र माझं भांडण झालं. त्यांची मर्यादा तासाला १०० पत्त्यांची. बिलं आणि सभेची नोटीस एकाच दिवशी काढली की १६८ होतात. मी डीबगची अख्खी नक्कल जोडून तक्रार टाकली. उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करून बघा. ब्राउझरचा इथे संबंध काय? तीन तक्रारींनंतर म्हणाले वरचा प्लॅन घ्या, वर्षाला २४०० जास्त. मी नाही म्हटलं आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडत नोटिसा दुसऱ्या दिवशी पाठवल्या.

पण त्या मर्यादेबद्दल मला माझंच मत गिळावं लागलं. एप्रिलमध्ये मी कोड 'जरा सुटसुटीत' केला. आधी प्रत्येक फ्लॅटला नवा मेलर तयार होत असे, तो मी लूपच्या, म्हणजे दर फ्लॅटसाठी पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, बाहेर काढला आणि जोडणी उघडी ठेवली, म्हणजे प्रत्येक मेलला पुन्हा लॉगिन नको. वेग झकास वाढला. पण आधीचे पत्ते आणि जोडलेल्या फायली पुसणाऱ्या दोन ओळी, क्लिअर-अ‍ॅड्रेसेस आणि क्लिअर-अटॅचमेंट्स, लिहायच्या राहून गेल्या. पीएचपीमेलर आधीचे पत्ते आपणहून पुसत नाही, साठवत जातो. पहिला मेल एकाला, दुसरा दोघांना, तिसरा तिघांना, आणि प्रत्येकात आधीच्या सगळ्यांची बिलंही जोडलेली.

तेराव्या मेलपर्यंत ९१ पत्ते झाले. चौदाव्याने ते १०५ झाले असते. सर्व्हरने तिथेच दार लावलं.

मर्यादा नसती तर ८४ मेलचे ३५७० झाले असते आणि कोणाची किती थकबाकी आहे ते अख्ख्या सोसायटीला कळलं असतं. कळलं ते फक्त ए विंगच्या पहिल्या बारा-तेरा घरांना. यादीत पहिला नंबर ए-१०१ चा, त्यामुळे काकांना तेरा मेल आले, शेवटच्यात तेरा पीडीएफ. त्यांनी सगळ्या उघडल्या. पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांची पाच महिन्यांची बाकी निघाली, हे मला जिन्यात थांबवून सांगितलं. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. होस्टिंगवाल्यांना मी आभाराचं पत्र वगैरे लिहिलेलं नाही. कॅशेचं उत्तर अजून डोक्यात आहे.

तर लायब्ररी सोडणार का? नाही. फुकट आहे आणि सांगितलं तेवढं चोख करते. फक्त आता बिलं सुटण्याआधी एक मेल आधी मला येतो, विषय फक्त 'पुणे'. त्यात पौंड दिसला तर पुढचं सगळं थांबतं.

काकांनी या महिन्याचं बिल भरलं, चेकने. पावती मेलवर नको, कागदावर द्या म्हणाले.