छोट्या कुत्र्याला आज्ञापालन आणि ॲजिलिटी शिकवताना: वर्षभराच्या वापरानंतर

टिकली पॉमेरेनियन आहे. वजन तीन किलोच्या आसपास, खांद्यापाशी उंची वीतभर. आधी आज्ञापालनासाठी क्लिकर (दाबला की ‘टक्’ वाजणारं छोटं यंत्र), हार्नेस, टार्गेट स्टिक आणि न घसरणारी चटई आली. ती दोन वर्षांची झाल्यावर मी ॲजिलिटीचा, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीचा, घरगुती संच घेतला: कापडी टनेल, उडी मारायचे बुटके हर्डल, आणि वीव्ह पोल, म्हणजे नागमोडी पळायला जमिनीत रोवायच्या काठ्या. हे सगळं वापरून आता वर्ष होत आलं. छोटं कुत्रं मोठ्याइतकंच शिकतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. फक्त बहुतेक पद्धती आणि बहुतेक सामान मोठ्या कुत्र्याचा विचार करून बनलेलं असतं. जे वीतभर उंचीवरून पाहणाऱ्या जिवाला जमतं ते ठेवायचं, बाकीचं बदलायचं किंवा सोडून द्यायचं. माझं सगळं मत या एकाच कसोटीवर बेतलेलं आहे.

सुरुवात आज्ञापालनापासून करा, हे मी आग्रहाने सांगेन. मोठं कुत्रं अंगावर उडी मारतं तेव्हा माणूस धडपडतो, म्हणून त्याला शिकवलं जातं. छोट्याने तेच केलं की लोक हसतात आणि उचलून घेतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हजाराहून अधिक कुत्रेमालकांची पाहणी प्रसिद्ध केली. छोट्या कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात, कुत्र्याबरोबर खेळ आणि शिकवणं कमी करतात, आणि ती कुत्री सांगितलेलं कमी ऐकतात, असं त्यात दिसलं. वारंवार शिक्षा होणाऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये भित्रेपणाही जास्त आढळला. छोटी कुत्री म्हणजे भुंकरी आणि हट्टी, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. त्यांना कुणी नीट शिकवायला बसतच नाही.

क्लिकरबद्दल. ही पद्धत जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या हाताखाली शिकलेल्या मॅरियन आणि केलर ब्रेलंड या दांपत्याने १९४०च्या दशकातच आवाजाची खूण आणि बक्षीस यांची सांगड घालून प्राणी शिकवायला सुरुवात केली होती. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे ती पुढे घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचली. क्लिक म्हणजे ‘आत्ता जे केलंस ते बरोबर’, आणि प्रत्येक क्लिकनंतर खाऊ द्यायचाच. छोट्या कुत्र्याच्या बाबतीत अडचण आवाजाची असते. आपण वाकलेले असतो आणि क्लिकर थेट त्याच्या कानाशी वाजतो. पत्र्याच्या पट्टीचा पेटीसारखा क्लिकर टिकलीला मोठा वाटत होता, कान मागे जायचे. बटणाचा मऊ आवाजाचा क्लिकर घेतल्यावर ते थांबलं. पेटीसारखाच हाताशी असेल तर खिशात ठेवून वाजवा. आणि दोन्ही हात अडकलेले असतील तेव्हासाठी एक छोटा शब्दही पक्का करून ठेवा. आमच्याकडे तो ‘हां’ आहे.

खाऊचं गणित मात्र इथे कडक ठेवावं लागतं. तीन किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, आणि खाऊचा वाटा त्याच्या दहा टक्क्यांच्या आत असावा असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी. दुकानातली एक ट्रीट अख्खी दिली तर शिकवणी सुरू होण्याआधीच संपायची. मी दिवसाच्या जेवणातलाच एक भाग बाजूला काढते आणि उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढे तुकडे फक्त अवघड कामासाठी राखून ठेवते. मोठ्या तुकड्याचा आणखी एक तोटा आहे: कुत्रं चावत बसतं आणि मघाशी काय केलं होतं ते विसरतं.

आता शरीराची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण छोट्या कुत्र्यावर वाकतो तेव्हा त्याच्यावर छप्पर येतं. टिकली अशा वेळी मागे सरकायची किंवा पोटाशी आखडायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की ती ऐकत नाही. जमिनीवर, तिच्याकडे थोडी कूस करून बसलं की तीच मुलगी ‘बस’ म्हणताच बसते. ‘खाली’ शिकवताना माझा पाय गुडघ्यात वाकवून त्याची कमान केली आणि खाऊ पलीकडे धरला. खालून सरपटत जाताना ती आपोआप आडवी झाली आणि तिथेच क्लिक केलं. मोठ्या कुत्र्याच्या नाकासमोरून खाऊ खाली नेला की काम होतं. छोट्याचं नाक आधीच जमिनीजवळ असल्याने तिथे खाली न्यायला जागाच नसते.

पायाशी चालणं शिकवायला टार्गेट स्टिक उपयोगी पडली. खेचून लांब होणारी काठी, टोकाला छोटा गोळा, त्याला नाक लावलं की क्लिक. पाठ न मोडता तिच्या नाकाजवळ पोचता येतं. पायाला अगदी खेटून चालायचा हट्ट मी धरत नाही. इतकं छोटं कुत्रं खेटून चाललं तर आपल्या चेहऱ्याकडे बघायला मान जवळजवळ उभी करावी लागते आणि आपली चप्पल त्याच्या पंजावर पडायची भीती असते. हातभर बाजूला चाललं तर त्याला आपण दिसतो आणि आपल्याला ते.

एक आज्ञा मोठ्या कुत्र्याच्या शिकवणीत सहसा नसते, पण छोट्याला हवीच: उचलण्याची. मी ‘उचलू?’ म्हणते, थांबते, ती पुढचे पाय माझ्या हातावर ठेवते, मग उचलते. अचानक हवेत जाणाऱ्या कुत्र्याला सतत सावध राहावं लागतं, आणि बरीचशी गुरगुर तिथूनच येते. दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर ठेवताना या आज्ञेचा फायदा फार झाला. ‘थांब’ शिकवताना चटई दिली. गार किंवा ओल्या जमिनीवर बुटक्या कुत्र्याचं पोट टेकतं आणि ते उठतं. त्याला हट्ट म्हणू नये.

हार्नेसविषयी थोडक्यात. छोट्या जातींमध्ये श्वासनलिका दबण्याचा आजार बराच आढळतो, त्यामुळे गळ्याला हिसका बसेल असा पट्टा मी वापरत नाही. छातीवर वाय आकारात बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस चांगला. जाळीदार बनियनसारखा प्रकार दिसायला मऊ असतो, पण काही महिन्यांत काखेतले केस गुंतायला लागले. वेल्क्रो तर केसांनी भरून धरेनासंच होतं. बकल बघूनच घ्या. उड्या मारताना मात्र हार्नेस काढून ठेवते, पट्टी कुठे अडकायला नको.

आता ॲजिलिटी. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी दोन फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात करमणूक म्हणून हा खेळ दाखवला, कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून घेतलेली. आज एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत खांद्यापाशी ३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीची कुत्री ‘स्मॉल’ गटात येतात आणि त्यांच्या उड्या २५ ते ३० सेंटीमीटरच्या असतात. त्या गटात शेल्टीसारखी चपळ आणि तुलनेने उंच कुत्री धावतात. टिकलीसाठी २५ म्हणजे खांद्यापेक्षा उंच काठी. अमेरिकन केनेल क्लबमध्ये सर्वांत बुटक्या कुत्र्यांसाठी आठ इंच, म्हणजे वीस सेंटीमीटर, आणि सौम्य वर्गात चार इंचही चालतात. म्हणून ‘स्मॉल डॉग सेट’ असं खोक्यावर लिहिलेलं पाहून लगेच घेऊ नका. सगळ्यात खालची खाच किती उंचीवर आहे ते मोजा. माझ्या संचात ती टिकलीसाठी फारच वर होती. मी काठी दोन बुटक्या ठोकळ्यांवर, दहा सेंटीमीटरवर ठेवते. दुसरी तपासणी: धक्का लागताच काठी पडली पाहिजे. घट्ट बसणारी काठी तीन किलोच्या कुत्र्याला पाडता येत नाही, आदळल्यावर लागतं ते त्यालाच.

उड्यांच्या आधी गुडघे. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा त्रास नेहमीचा आहे. धावता धावता मागचा एक पाय दोन-तीन पावलं वर धरून कुत्रं पुन्हा नीट पळायला लागलं, तर त्याला लाडिक उडी समजू नका, व्हेटला दाखवा. टिकलीचे गुडघे तपासून घेतल्यावरच काठी लावली. वयाचंही तसंच: एफसीआय अठरा महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू देत नाही. छोट्यांची हाडं मोठ्यांपेक्षा लवकर भरतात, तरी पिलाला जमिनीवरच्या काठ्या ओलांडू द्याव्यात, उड्या नकोत. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांना मणक्याचा धोका असल्याने त्यांच्यासाठी मी हर्डल घेणारच नाही. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना धापेवर लक्ष ठेवून अगदी थोडं खेळवावं.

टनेल ही संचातली सगळ्यात चांगली वस्तू. स्पर्धेतलं टनेल ६० सेंटीमीटर व्यासाचं आणि जड असतं. घरगुती टनेल अरुंद असलं तरी छोट्याला प्रशस्तच होतं. पण ते हलकं असतं, वाऱ्याने आणि कुत्र्याच्या वेगाने सरकतं, आणि एकदा अंगाखालून हललं की भित्रं कुत्रं पुन्हा आत जात नाही. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा. आतल्या तारेच्या कड्या छोट्या पंजांना अडखळवतात, म्हणून पूर्ण ताणून ठेवा. शिकवताना मात्र आधी आखडून हातभर लांबीचं केलं, पलीकडे मी दिसत होते, मग रोज थोडं लांबवलं. आता ‘आत’ म्हटलं की टिकली वळणदार टनेलमधूनही सुसाट निघते, आणि बाहेर येताना तिचा चेहरा पाहून मलाच उड्या माराव्याशा वाटतात.

वीव्ह पोल मात्र निराशाजनक. नियमानुसार दोन काठ्यांमध्ये ६० सेंटीमीटर अंतर हवं आणि पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवी. रोवायच्या काठ्यांचं अंतर दर वेळी वेगळं पडतं, कडक जमिनीत त्या शिरत नाहीत. शिकवायला काठ्या दोन रांगांत लावून मध्ये वाट ठेवली आणि रांगा हळूहळू जवळ आणल्या; ही पद्धत छान चालली. मोठी कुत्री काठ्यांमधून उसळ्या घेत जातात, टिकली पावलं टाकत नागमोडी पळते. तिचा वेग आहे, पण उजवीकडून येताना पहिली फट अजून चुकते.

उंच डॉग वॉक (चढ-उतार असलेली अरुंद फळीची वाट) आणि ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा डोंगर) घरी करायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. सव्वा मीटर उंचीवरून पडणं म्हणजे तिच्या उंचीच्या पाच-सहा पट. तीस सेंटीमीटर रुंदीची फळी जमिनीवर टाकली आणि टोकाला थांबायला शिकवलं, तेवढं पुरेसं. सी-सॉचं, म्हणजे मध्ये टेकवलेल्या झुलत्या फळीचं, शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. मोठं कुत्रं मध्यबिंदू ओलांडताच फळी खाली जाते. हलकं कुत्रं खूप पुढे गेल्यावर ती झुकते आणि तोवर ते हवेत एकटं असतं. त्याला हलणं आणि आपटण्याचा आवाज या दोन्हींची भीती बसू शकते, म्हणून त्या वेगवेगळ्या शिकवाव्यात. आम्ही डगमगत्या फळीवर उभं राहणं करतो आहोत.

छोट्या कुत्र्याबरोबर पळण्यात एक मोठं सुख आहे: आपण त्याच्या पुढे राहू शकतो. कुत्री आपले खांदे आणि पाय वाचतात. टिकलीला तर माझे पायच आधी दिसतात. बोट कुठेही दाखवलं आणि माझं पाऊल दुसरीकडे वळलं, तर ती पावलाच्या दिशेने जाते. त्यामुळे आधी कुत्र्याशिवाय एकटीने चालून पावलं बसवते.

देखभालीत एकच गोष्ट कुणी सांगत नाही: पंजांच्या गाद्यांमधले केस. पॉमेरेनियन, शित्झू, पॅपिलॉन यांचे ते वाढले की गुळगुळीत जमिनीवर पाय सुटतात, आणि वळणावर गुडघ्याला झटका बसतो. मी ते नियमित कापते. शित्झू-माल्टीजच्या डोळ्यांवरचे केस बांधल्याशिवाय काठीसमोर नेऊ नये.

बदल काय झाला? दारावरची घंटा वाजली की टिकली आधी भुंकत सुटायची; आता एखादा भुंकार देऊन चटईवर जाते आणि माझ्याकडे बघते. मोकळ्या मैदानात हाक मारल्यावर येते. अनोळखी मोठं कुत्रं दिसलं की माझ्या पायामागे येऊन उभी राहते, अंगावर धावून जात नाही. सराव दर वेळी काही मिनिटांचाच. जीभ लांब आली किंवा ती जमीन हुंगायला लागली की तिथेच थांबतो.

नव्याने घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा: बटणाचा क्लिकर, चटई आणि बकलचा हार्नेस आधी. आज्ञापालन बसल्यावर टनेल. हर्डल गुडघे तपासून झाल्यावर, तेही सहज पडणाऱ्या काठीचे आणि दहा सेंटीमीटरपर्यंत उतरणारे. वीव्ह पोल घ्यायचेच असतील तर खाली पट्टी जोडलेले घ्या, अंतर कायम राहतं. मी माझे बदलून तसलेच घेणार आहे, कारण उजवीकडची पहिली फट तिला नक्की जमणार आहे.