जिस लाहौर नई वेख्या: घाणेकरच्या मिनी थिएटरमधली माई

शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहाला गेले होते, मोठ्या हॉलला नाही, तिथल्या मिनी थिएटरला. एका हौशी ग्रुपने 'जिस लाहौर नई वेख्या' बसवलंय, तिकीट ३०० रुपये. कोपरीहून मानपाड्याला पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्येच अर्धा जीव गेला, आई सारखी म्हणत होती कशाला एवढ्या लांब, आणि परत येताना तीच रिक्षात एक शब्द बोलली नाही.

नाटक असगर वजाहत यांचं, १९९० मध्ये दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी पहिल्यांदा केलं. गोष्ट फाळणीनंतरच्या लाहोरची. लखनौहून सगळं सोडून आलेलं मिर्झा कुटुंब, कॅम्पात दिवस काढल्यावर त्यांना कस्टोडियनकडून, म्हणजे सोडून गेलेल्यांची घरं ताब्यात घेणाऱ्या सरकारी खात्याकडून, २२ खोल्यांची हवेली अलॉट होते, आणि आत शिरतात तर वर एक म्हातारी राहतेय. हवेलीच्या हिंदू मालकाची आई. बाकीची माणसं दंगलीत गेली, ही एकटी उरलीय आणि म्हणतेय मी इथून हलणार नाही.

मला वाटलं आता एक बाजू चांगली एक वाईट असं सुरू होणार. तसं अजिबात नाहीये. सिकंदर मिर्झा वाईट माणूस नाहीच हो, त्याला पोरांच्या डोक्यावर छप्पर हवंय आणि म्हातारी मधे येतेय, बस एवढंच. मुलगा जावेद तर तिचा काटा काढायचं बघतो, गल्लीतल्या पहिलवानाला जाऊन भेटतो, आणि तेव्हा मला त्याचा राग यायच्या ऐवजी त्याचं म्हणणं थोडंसं पटलं, त्याचीच भीती वाटली मला. तिथेच आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. एका फॅमिलीला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं ठरलं होतं, फक्त आडनाव ऐकून. कोणी आवाज चढवला नाही, चहा फिरत होता, "आपल्याला काही नाही हो, पण बाकीच्यांचं काय" असं जो तो म्हणत होता. हात वर करणाऱ्यांत मी पण होते. अंधारात बसून हे आठवत होतं आणि समोर ती म्हातारी.

मग हळूहळू सगळं बदलतं, आणि नेमकं कुठे बदललं ते दाखवता येत नाही. मिर्झांची मुलगी तन्नो म्हातारीला दादी म्हणायला लागते, बाकीच्यांची ती माई होते, मोहल्ल्यात कोणाचं काही अडलं की माई हजर. दिवाळीचा सीन तर विसरणारच नाही मी. सगळ्या लाहोरात दिवाळी करणारी ही एकटी. पणत्या लावताना तिचा हात थरथरत होता, एक पणती विझली, तन्नोने दुसऱ्या पणतीवरून ती पेटवली आणि माईने न बोलता तिच्या गालावरची काजळी ओढणीच्या टोकाने पुसली. तेवढंच. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो, ओढणीचं ते ओलं टोक दिसत होतं.

माई गेल्यावर तिचं करायचं कसं हा प्रश्न येतो, कारण विचारायला हिंदू कोणी उरलेलाच नाही. मौलवी ठामपणे सांगतात की ती हिंदू होती, तिचं तिच्या रिवाजानेच व्हायला पाहिजे. मग ही सगळी मुसलमान माणसं बसून आठवतात, आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे काय काय करायचे, लाकडं, तूप, तोंडाने काय म्हणायचे. आणि खांदा देऊन निघताना ते 'राम नाम सत्य है' म्हणतात. आधी अडखळत, मग सगळे मिळून. माझ्या शेजारचे काका हुंदके देत होते. त्यानंतर मौलवींचं जे होतं ते इथे लिहीत नाही, बघाच.

खटकलं ते पण सांगते. पहिलवान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडतो, अशा माणसाची दहशत गोड बोलण्यात जास्त असते असं मला वाटतं. नासिर काझमी हे खरे शायर, अंबाल्याहून लाहोरला गेलेले, नाटकात त्यांचं पात्र आहे, पण काम करणारा मुलगा शेर इतक्या घाईत म्हणत होता की अर्धे हातातून गेले. पहिला अर्धा तास रेंगाळतो. पण माई करणाऱ्या बाईंसाठी मी परत तिकीट काढीन, बसणं, उठणं, गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणं, सगळं आतून आलेलं.

उल्हासनगरचे कॅम्प सगळ्यांना माहिती असतात, पण आमच्या कोपरीत पण फाळणीत आलेली किती सिंधी घरं आहेत. लहानपणी आमच्या शेजारच्या सिंधी आजी गरम कोकी फडक्यात गुंडाळून दारात द्यायच्या, कांदा आणि अनारदाणा घातलेली जाड पोळी. घरी आल्यावर आईने चपला पण काढल्या नव्हत्या, उभ्या उभ्याच म्हणाली, "इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं गं, तुमचं गाव कुठलं हे मी कधी विचारलंच नाही."

भाषेचं टेन्शन घेऊ नका, उर्दू-पंजाबी आहे पण आईला सगळं समजलं. घरातल्या मोठ्यांना घेऊन जा, आणि शक्यतो पुढच्या रांगा घ्या, माईचा आवाज बारीक आहे.