जंगली म्हणून दाखवलेला काकाकुवा

कोमोडो बेटावरील पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्याची छायाचित्रे काढण्यासाठी मी इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो या बंदरगावी गेलो होतो. तेथे एका वाटाड्याने मला कसे फसवले, हे पक्ष्यांसाठी तिकडे जाणाऱ्या इतरांना आधीच ठाऊक असावे म्हणून लिहीत आहे. ही जात अतिसंकटग्रस्त आहे. पिंजऱ्यासाठी पक्षी पकडण्याच्या धंद्यामुळे ती अनेक बेटांवरून जवळपास नाहीशी झाली आणि 2005 पासून जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे; कोमोडो राष्ट्रीय उद्यानात मात्र ती अजून टिकून आहे.

वाटाड्याने बोट, तिकीट आणि स्वतःची मजुरी मिळून 20 लाख रुपिया, म्हणजे आपले दहा-अकरा हजार रुपये, आगाऊ घेतले आणि पावती दिली नाही. पहाटे धक्क्यावर गेलो, तर समुद्र खवळल्यामुळे बोटी सुटणार नाहीत, असे त्याने सांगितले. पाणी समोर अगदी संथ दिसत होते, तरीही मी काही विचारले नाही. आपल्याला फ्लोरेसवरचेच एक घरटे ठाऊक आहे, असे म्हणत त्याने मला मोटारसायकलवरून एका नारळीच्या बागेत नेले.

तेथे जेमतेम दहा फुटांवरच्या फांदीवर काकाकुवा बसला होता, आणि तो पाऊण तास तसाच बसून राहिला. जंगली काकाकुवा माणसाची चाहूल लागताच कर्कश ओरडत दूरच्या झाडावर जातो; हा एकदाही ओरडला नाही की उडाला नाही. "घरटे सोडून जाववत नाही त्याला," असे वाटाड्या म्हणाला आणि ते मला इतके हृद्य वाटले की सहाशे छायाचित्रे काढून झाल्यावर मी त्याला वर बक्षिसीही दिली. ढोली कुठे आहे, एवढेही विचारायचे मला सुचले नाही.

रात्री खोलीवर छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा डोळ्याभोवतीचे ठळक निळे कडे प्रथम नजरेत भरले. तसे कडे न्यू गिनीतील मोठ्या काकाकुव्याला असते आणि तो पक्षी फ्लोरेसवर निसर्गतः आढळत नाही. मग एका पंखाची लांब पिसे सरळ रेषेत कातरलेली दिसली, आणि पायावर साखळीने घासून पडलेला घट्टा. ज्या धंद्याने कोमोडोचा पक्षी संपत आला, त्याच धंद्यातून हजार किलोमीटरहून दूर आणलेल्या पक्ष्यासाठी मी पैसे मोजले होते, आणि पैसे गेल्यापेक्षा हेच मला अधिक लागले.

पैसे परत मागितल्यावर "पांढरा पक्षी, पिवळा तुरा, आणखी काय हवे?" एवढेच उत्तर आले.

दोन दिवसांनी मी तिकीट स्वतःच्या नावाने, स्वतःच काढले आणि कोमोडोवरील लोह लियांग येथे रेंजरबरोबर चिंचांच्या झाडांखाली चार तास बसलो. दोन काकाकुवे ओरडत आले आणि लगेच गेले. दोन्ही छायाचित्रांत पक्षी नखाएवढा दिसतो. कातरलेल्या पंखाची आणि घट्ट्याची छायाचित्रे मी त्या रेंजरच्या हवाली केली.