फिरती प्रयोगशाळा, शाळेतली प्रयोगशाळा की शिक्षकांवर खर्च?

गावच्या शाळेतील विज्ञान आणि चित्रकला सुधारावी म्हणून माजी विद्यार्थी किंवा शाळा व्यवस्थापन समिती पैसे उभे करते, तेव्हा बहुधा तीन पर्याय पुढे येतात. फिरती प्रयोगशाळा बोलवावी, शाळेतच प्रयोगशाळा उभारावी, किंवा आहेत त्याच शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि त्यानंतरच्या पाठपुराव्यावर खर्च करावा. एका समितीबरोबर हा निर्णय घेताना आम्ही जे पाहिले आणि पडताळले, ते अशाच निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी येथे मांडत आहे.

फिरत्या प्रयोगशाळेची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तंत्रवैज्ञानिक संग्रहालयाने 1965 मध्ये विज्ञान प्रदर्शनाची बस खेड्यांकडे नेली. 1999 मध्ये सुरू झालेल्या आणि आंध्रातील कुप्पम येथे मोठे संकुल असलेल्या अगस्त्य या संस्थेने प्रयोगांचे साहित्य आणि शिकवणारी माणसे गाडीतून सरकारी शाळांपर्यंत पोहोचवली. शाळेला वेगळी खोली लागत नाही, साहित्य सांभाळावे लागत नाही, आणि मुलांना जे कधी पाहायला मिळाले नसते ते त्या दिवशी मिळते. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एक मुलगी डोळा काढायलाच तयार नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र पुढच्या आठवड्यात तिने हळदीचे पान आणले, तेव्हा शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता आणि तिच्या प्रश्नावर पुढे काय करावे हे बाईंनाही कोणी दाखवलेले नव्हते. गाडी महिन्यातून ठरल्या दिवशी येणार असेल आणि दोन फेऱ्यांच्या मधले काम शिक्षकांशी बोलून ठरणार असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा. वर्षातून एकदा येणाऱ्या गाडीसाठी गावाचे पैसे घालू नयेत.

शाळेतली प्रयोगशाळा देणगीदारांना सर्वांत जास्त आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर नावाची पाटी लावता येते. सरकारी योजनांपैकी अटल टिंकरिंग लॅब ही ठळक योजना. तिच्यात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली, त्यातील 10 लाख उभारणीसाठी आणि उरलेले पुढील काही वर्षांच्या चालू खर्चासाठी. जागा मात्र साधारण 1,500 चौरस फूट हवी. दोन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेचा प्रश्न तेथेच संपतो. माध्यमिक शाळेत जागा असली, तरी दुसरी अडचण उरते. साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढते, फुटल्यास हिशेब द्यावा लागतो, म्हणून ते मुलांच्या हाती देण्यापेक्षा कपाटात ठेवणे शिक्षकांना सोयीचे वाटते. असे एक कपाट आम्ही उघडले, तेव्हा परीक्षानळ्या अजून गवतात गुंडाळलेल्या होत्या आणि भिंगांवर बुरशी आली होती. यात त्या शिक्षकांचा दोष मी मानत नाही, कारण फुटतुटीला मुभा आणि वापराचा सराव हे दोन्ही त्यांना कोणी दिलेच नव्हते.

कलेची बाजू या चर्चेत नेहमी मागे पडते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा अधिक मुले असतील, तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) मिळतो. लहान गाव म्हणजे लहान पट, आणि लहान पट म्हणजे चित्रकलेला शिक्षक नाही, असा हा सरळ हिशेब आहे. म्हणूनच विज्ञान आणि कला यांसाठी दोन वेगळे निधी ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. जास्वंदीचे फूल ब्लेडने उभे कापून मुलांना त्याचे चित्र काढायला लावले, की पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराच्या दांड्याभोवती कशी बसली आहे आणि टोकाला पाच ठिपके कसे आले आहेत, हे चित्र काढतानाच त्यांच्या लक्षात येते. नुसते पाहून ते निसटते. पालघरसारख्या भागात तर गावातच वारली चित्रे काढणारी माणसे आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नातले चौकोनी चित्र) काढणाऱ्या एखाद्या आजींना योग्य मानधन देऊन शाळेत बोलावणे, हे रंगपेट्या वाटण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

तिसऱ्या पर्यायाचा सर्वांत भक्कम दाखला मध्य प्रदेशातील आहे. 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील 16 उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये ते काम जिल्हाभर गेले आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे ते वाढवले. साहित्याची पेटी स्वस्त होती, पण खरा खर्च शिक्षकांच्या शिबिरांवर, मासिक बैठकांवर आणि वर्गात जाऊन केलेल्या पाठपुराव्यावर होता. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून आणि प्रयोग करून द्यायची असे. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, याचे दुःख आजही वाटते. तरीही तीस वर्षे साध्या सरकारी शाळांत तो चालला, हे पुरेसे बोलके आहे.

आमचा कौल याच पर्यायाला पडला. त्याची मोठी उणीव म्हणजे बदली: ज्या गुरुजींवर दोन वर्षे खर्च केला, ते तिसऱ्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात गेले, तर शाळेच्या हाती काही उरत नाही. यावर आम्ही शोधलेला मार्ग असा की, एकाच शाळेऐवजी केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या सरकारी गटातील, सर्व शाळांचे प्रत्येकी दोन शिक्षक घ्यायचे, साहित्याची पेटी त्या गटाच्या मुख्य शाळेत (केंद्रशाळेत) ठेवायची, फुटतुटीची रक्कम आधीच बाजूला काढायची आणि केंद्रातील शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीत (शिक्षण परिषदेत) एक तास प्रयोग व चित्र यांसाठी केंद्रप्रमुखांकडून मागून घ्यायचा. रक्कम उरलीच, तर दुसऱ्या वर्षी गाडी बोलवावी. तोपर्यंत तिच्यातून काय मागायचे, हे शिक्षकांना ठाऊक झालेले असेल.